मोबाइलवर मराठी लिहिताना कीबोर्ड कोणता वापरावा?

मोबाइल घेताना आपण कॅमेरा पाहतो, बॅटरी पाहतो, मेमरी किती ते विचारतो. त्यात कीबोर्ड कोणता आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. फोनसोबत जो येतो तोच वर्षानुवर्षे चालतो. पण आपण फोनवर जे काही लिहितो ते सगळे ज्या एकाच ॲपमधून जाते, ते ॲप म्हणजे कीबोर्ड. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवरचा संदेश पाठवणाऱ्यापासून मिळणाऱ्यापर्यंत कुलूपबंद जातो, हे खरे आहे. मात्र ते कुलूप लागते संदेश पाठवताना. अक्षरे त्याआधीच कीबोर्डमधून गेलेली असतात.

हा लेख मुख्यतः वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्ते, समुपदेशक, वकील, आशाताई आणि विद्यार्थी यांच्यासाठी आहे. आपल्यापैकी अनेकजण रोज फोनवर अत्याचाराच्या तक्रारीचा मसुदा लिहितात, पीडितेचे नाव-गाव लिहितात, शिष्यवृत्तीसाठी कुणाचा आधार क्रमांक आणि बँक खाते भरून देतात, एखाद्याच्या आजाराची माहिती डॉक्टरांना कळवतात. ही माहिती आपली स्वतःची नसते. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याजवळ दिलेली असते. त्यामुळे "माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" हा प्रश्न इथे पुरेसा ठरत नाही.

कीबोर्ड नेमके काय पाहतो?

अँड्रॉइड फोनमध्ये बाहेरून घेतलेला नवा कीबोर्ड सुरू करताना एक सूचना येते. हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेला सर्व मजकूर, पासवर्ड आणि कार्ड क्रमांकासह, गोळा करू शकतो, असा तिचा अर्थ असतो. बहुतेक लोक ती न वाचता 'ओके' दाबतात. प्रत्येक कीबोर्ड चोरी करतो असे त्या सूचनेला म्हणायचे नाही. मात्र तशी क्षमता प्रत्येक कीबोर्डमध्ये असते.

टाइप केलेल्या अक्षरांशिवाय कीबोर्डजवळ आणखी तीन गोष्टी साठतात. पहिली, तुमच्या सवयीतून त्याने शिकलेले शब्द आणि नावे. दुसरी, क्लिपबोर्ड, म्हणजे तुम्ही कॉपी केलेला मजकूर. त्यात आधार क्रमांक, पत्ता, एखादा ओटीपीही असू शकतो. तिसरी, बोलून टाइप करण्याची सोय वापरत असाल तर तुमचा आवाज.

एक दिलासा असा की यूपीआयचा पिन आपल्या नेहमीच्या कीबोर्डने टाइप होत नाही. त्यासाठी वेगळा आकड्यांचा पडदा उघडतो. आयफोनमध्येही पासवर्डच्या रकान्यात बाहेरचा कीबोर्ड आपोआप बाजूला होतो आणि ॲपलचा स्वतःचा कीबोर्ड येतो. अँड्रॉइडवर असे सर्वत्र होत नाही.

माहिती दोन वाटांनी बाहेर जाते

कीबोर्डच्या खासगीपणाची चर्चा होते तेव्हा बहुधा एकाच वाटेबद्दल बोलले जाते: फोनमधून इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाणारी. ही वाट महत्त्वाची आहेच.

दुसरी वाट मात्र घरातच असते. आपल्याकडे अनेक घरांत एक फोन दोघे-तिघे वापरतात. बायकोचा फोन नवरा पाहतो, मुलीचा फोन भाऊ पाहतो. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत सुचणारे शब्द आधी काय लिहिले गेले त्याची चुगली करतात. एखाद्या बाईने 'वकील', 'पोटगी', 'तक्रार' असे शब्द चार वेळा लिहिले असतील, तर पाचव्या वेळी पहिले अक्षर टाइप करताच तोच शब्द दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर येऊ शकतो. तिने संदेश पुसला असेल, कॉलची नोंद पुसली असेल, पण शिकलेला शब्द कीबोर्डजवळ राहतो. हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रीसाठी कंपनीच्या सर्व्हरपेक्षा हा धोका अधिक जवळचा आहे.

म्हणून कीबोर्ड निवडताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. हा कीबोर्ड बाहेर काही पाठवू शकतो का? आणि हा फोन हातात घेणाऱ्या दुसऱ्याला काय दाखवतो? इंटरनेटची परवानगीच नसलेला कीबोर्ड पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याचे देत नाही.

यापूर्वी काय घडले आहे?

२०१६ साली स्विफ्टकी या लोकप्रिय कीबोर्डच्या काही वापरकर्त्यांना शब्दांच्या पट्टीत अनोळखी लोकांचे ईमेल पत्ते सुचू लागले. शिकलेले शब्द इंटरनेटवर साठवून अनेक उपकरणांवर सारखे ठेवण्याच्या सोयीत हा दोष होता. कंपनीला ती सोय तात्पुरती बंद करावी लागली.

डिसेंबर २०१७ मध्ये एआय.टाइप या कीबोर्डच्या सुमारे ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती पासवर्ड नसलेल्या सर्व्हरवर उघडी पडल्याचे सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले. त्यात नावे, ईमेल, ठिकाणे होती आणि काहींच्या फोनमधल्या संपर्कांची यादीसुद्धा. म्हणजे ज्यांनी तो कीबोर्ड कधी वापरला नाही अशांचे क्रमांकही त्यात गेले.

तिसरे उदाहरण चीनमधले आहे, पण त्याचा धडा मराठीलाही लागू आहे. चिनी लिपीत हजारो चिन्हे असल्याने लोक रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतात आणि कीबोर्ड त्यावरून चिन्ह ओळखतो. ओळख अधिक अचूक व्हावी म्हणून अनेक कीबोर्ड टाइप केलेली अक्षरे सर्व्हरकडे पाठवतात. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने एप्रिल २०२४ मध्ये नऊ कंपन्यांचे असे कीबोर्ड तपासले. त्यांपैकी आठ कंपन्यांच्या कीबोर्डमध्ये गंभीर त्रुटी सापडल्या. वाटेत कुणी तिसऱ्याने टपून बसल्यास टाइप केलेला मजकूर वाचता येईल, अशा त्या त्रुटी होत्या.

आपणही 'एम-आय' टाइप करून 'मी' मिळवतो. हे रूपांतर फोनमध्येच होते की सर्व्हरवर, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. रूपांतर फोनमध्येही करता येते. त्यासाठी मजकूर बाहेर पाठवलाच पाहिजे असे नाही.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची माहिती जपण्याचे बंधन २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने घातले आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची आणि पॉक्सो प्रकरणातील बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे.

यातील कोणताही कायदा अमुक कीबोर्ड वापरा असे सांगत नाही. पण कपाटातल्या फाइलला कुलूप लावणारी संस्था तीच केस फोनवर लिहिताना निष्काळजी राहिली, तर कुलपाचा उपयोग उरत नाही. संस्थांनी आपल्या गोपनीयतेच्या नियमांत फोन आणि कीबोर्डचा एक परिच्छेद घालायला हवा.

मराठीसाठी कोणत्या सोयी लागतात?

खासगीपणा जपणारा कीबोर्ड टाइप करायला त्रासदायक असेल तर आठवड्याभरात माणूस जुन्या कीबोर्डकडे परत जातो. म्हणून सोयी आधी तपासाव्यात:

• 'ळ', 'ॲ', 'ऑ' ही अक्षरे आणि 'ऱ्या'तला अर्धा र सहज मिळतो का? केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवलेल्या मांडणीत हे शोधावे लागते.
• जोडाक्षरे कशी लिहायची? 'बुद्धं', 'त्रिशरण', 'दीक्षाभूमी' हे तीन शब्द लिहून पाहिले की कीबोर्डची परीक्षा होते.
• मराठी आणि इंग्रजी यांत एका बोटाने बदल करता येतो का?
• स्वतःचे शब्द जोडता येतात का? कीबोर्डच्या शब्दकोशात 'धम्म' नसेल तर तो 'धर्म' सुचवत राहतो. वैयक्तिक शब्दकोशात 'धम्म', 'विहार', 'जयभीम' एकदा जोडले की कटकट संपते.
• लघुरूपे ठेवता येतात का? दोन अक्षरे टाइप करताच संस्थेचा पूर्ण पत्ता उमटला, तर अर्ज लिहिण्याचा वेळ वाचतो.
• शब्द शिकण्याची सोय बंद करता येते का, आणि शिकलेले शब्द पुसता येतात का?

उपलब्ध पर्याय

जीबोर्ड. गूगलचा हा कीबोर्ड असंख्य अँड्रॉइड फोनवर आधीपासून असतो. मराठीसाठी सोयी भरपूर: देवनागरी मांडणी, रोमनमधून मराठी, बोटाने लिहिलेले अक्षर ओळखणे. बोलून मराठी टाइप करण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये आणली. शब्द सुचवण्याची पद्धत सुधारताना गूगल 'फेडरेटेड लर्निंग' नावाचे तंत्र वापरते. त्यात मजकूर फोनमध्येच राहतो आणि त्यातून शिकलेल्या बदलांचा गोषवारा तेवढा सर्व्हरकडे जातो. तरीही या कीबोर्डला इंटरनेटची परवानगी असते आणि त्याचा संपूर्ण आराखडा बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही. इथे विश्वास कंपनीवर ठेवावा लागतो.

स्विफ्टकी. २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा. शब्द सुचवण्यात चांगला, मराठीही आहे. खात्यात लॉगिन न करता वापरावा आणि शब्द इंटरनेटवर साठवण्याची सोय बंद ठेवावी.

हेलीबोर्ड. अँड्रॉइडच्या मूळ खुल्या कीबोर्डवरून तयार झालेला, मुक्त परवान्याचा कीबोर्ड. तो इंटरनेटची परवानगी मागतच नाही, त्यामुळे स्वतःहून काही बाहेर पाठवू शकत नाही. त्यातली मराठी मांडणी इनस्क्रिप्टच्या क्रमावर बेतलेली आहे. शब्दकोश वेगळी फाइल म्हणून जोडता येतो, क्लिपबोर्ड किती वेळ ठेवायचा ते ठरवता येते, एका हाताने लिहिण्याची सोय आहे. बोट न उचलता अक्षरांवरून सरकवत शब्द लिहायचा असेल तर वेगळी फाइल जोडावी लागते. सर्वांत मोठी अडचण म्हणजे रोमनमधून मराठी करण्याची सोय त्यात नाही. देवनागरी मांडणी शिकावी लागते. तो एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून मिळतो.

फ्युटो कीबोर्ड. हाही इंटरनेटशिवाय चालतो. बोललेले शब्द फोनमध्येच ओळखण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य. इंग्रजीत ती चांगली चालते. त्याची संहिता पाहता येते, पण परवाना पूर्णपणे मुक्त नाही.

इंडिक कीबोर्ड. भारतीय भाषांसाठी स्वयंसेवकांनी घडवलेला खुला कीबोर्ड. मराठीसह अनेक भारतीय भाषा त्यात आहेत. रोमनची सवय असलेल्यांनी हा वापरून पाहावा.

आयफोन. ॲपलच्या स्वतःच्या कीबोर्डमध्ये मराठी आहे. बाहेरचा कीबोर्ड घेतलाच, तर 'अलाऊ फुल ॲक्सेस' हे बटण बंद ठेवावे. ते बंद असेपर्यंत त्या कीबोर्डला इंटरनेट वापरता येत नाही.

भाविक चित्रे, चमकते रंग, नेत्यांचे फोटो किंवा मोफत स्टिकर यांची जाहिरात करणारे अनोळखी कीबोर्ड टाळावेत. आपल्या महापुरुषांचे चित्र लावले म्हणून ॲप विश्वासू होत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल तर मुळीच बसवू नये.

परवानगी कशी तपासावी?

प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'अबाउट धिस ॲप' उघडा. खाली 'ॲप परमिशन्स' दिसेल. त्यात पूर्ण नेटवर्क वापरण्याचा उल्लेख असेल तर तो कीबोर्ड इंटरनेटशी जोडला जाऊ शकतो. त्याच पानावरचा 'डेटा सेफ्टी' हा भाग ॲप बनवणाऱ्याने स्वतः भरलेला असतो. तो वाचावा, पण शेवटचा शब्द मानू नये.

दुसरी सोपी चाचणी: फोन विमान मोडवर टाका आणि मराठी लिहून पाहा. शब्द सुचत असतील, रोमनमधून मराठी होत असेल, तर ते काम फोनमध्येच होते. अर्थात नंतर इंटरनेट मिळाल्यावर काही पाठवले जात नाही, याची खात्री या चाचणीने होत नाही.

अँड्रॉइडमध्ये इंटरनेटची परवानगी सहसा काढून घेता येत नाही. नेटगार्डसारखे मुक्त ॲप मात्र निवडलेल्या ॲपचे इंटरनेट अडवू शकते. याची मर्यादा अशी की एखाद्या कीबोर्डने त्याच कंपनीच्या दुसऱ्या ॲपकडे माहिती सोपवली तर ती अडत नाही.

एफ-ड्रॉइडवरून ॲप घेण्यासाठी 'अनोळखी स्रोतांतून ॲप बसवू द्या' ही परवानगी द्यावी लागते. काम झाल्यावर ती बंद करावी. जुना कीबोर्डही लगेच काढू नये. नव्याची सवय होईपर्यंत दोन्ही ठेवावेत.

आहे त्याच कीबोर्डमध्ये काय बदलता येईल?

प्रत्येकाला नवा कीबोर्ड बसवणे जमेलच असे नाही. जीबोर्डच्या सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी' भागात जाऊन वापराची आकडेवारी पाठवणे आणि तुमच्या लिखाणावरून शिकणे, या दोन्ही गोष्टी बंद करता येतात. शिकलेले शब्द पुसण्याचे बटणही तिथेच आहे. इतर कीबोर्डमध्ये नावे थोडी बदलतात, पण बहुतेकांत हे पर्याय असतात.

केसची माहिती लिहिताना बोलून टाइप करणे टाळावे. अनेक फोनमध्ये आवाज ओळखण्यासाठी तो सर्व्हरकडे जातो, शिवाय शेजारच्या खोलीतही ऐकू जातो. कीबोर्डमधून जीआयएफ किंवा स्टिकर शोधताना टाइप केलेला शब्दही बाहेर जातो.

जीबोर्डचा क्लिपबोर्ड सुरू असेल तर कॉपी केलेला मजकूर साधारण तासभर राहतो. पिन करून ठेवल्यास पुसेपर्यंत राहतो. आधार किंवा खाते क्रमांक चिकटवल्यावर तिथून काढून टाकावा. वैयक्तिक शब्दकोशात केसमधील व्यक्तींची नावे कधीही जोडू नयेत.

सिग्नलच्या सेटिंग्जमध्ये 'इनकॉग्निटो कीबोर्ड' हा पर्याय आहे. तो सुरू केल्यावर सिग्नल कीबोर्डला शब्द न शिकण्याची विनंती करतो. ही विनंतीच असते. कीबोर्ड ती पाळेल याची हमी सिग्नल देऊ शकत नाही. क्रोमच्या इनकॉग्निटो टॅबमध्ये जीबोर्ड आपोआप या अवस्थेत जातो.

फोन सामायिक असेल तर

इथे सल्ला देताना सावध राहायला हवे. हिंसाचार करणारी व्यक्ती फोन तपासत असेल, तर एका दिवसात सगळे शब्द पुसले जाणे किंवा कीबोर्डच बदललेला दिसणे संशय वाढवू शकते. नवा, सुरक्षित कीबोर्ड बसवून देणे ही मदत वाटते, पण तीच उलटू शकते. अशा वेळी त्या फोनवर संवेदनशील काही न लिहिणेच सुरक्षित. विश्वासातल्या मैत्रिणीचा, संस्थेचा किंवा समुपदेशन केंद्राचा फोन वापरावा. महिलांसाठी १८१ आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराबाबत १४५६६ या हेल्पलाइनवर बोलता येते. मात्र कॉलचीही नोंद फोनमध्ये राहते, हे तिला आधी सांगावे. काय बदलायचे आणि कधी, हा निर्णय तिचा असावा.

मग निवड कशी करावी?

देवनागरी मांडणी शिकण्याची तयारी असलेल्या कार्यकर्त्याने हेलीबोर्ड घ्यावा. पहिले काही दिवस वेग कमी पडतो. पण इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात, हा क्रम बोटांना लवकर कळतो, आणि तीच मांडणी संगणकावरही कामी येते. रोमनमधूनच लिहायचे असेल तर इंडिक कीबोर्ड आधी पाहावा; तो जमला नाही तर वर सांगितलेले बदल करून जीबोर्ड ठेवावा. दोन कीबोर्ड ठेवणे हाही व्यवहार्य मार्ग आहे: एरवीच्या गप्पांसाठी नेहमीचा, केसच्या कामासाठी इंटरनेट नसलेला.

संस्थेच्या फोनवर हे काम एका बैठकीत उरकता येते. एकाने सेटिंग्ज दाखवाव्यात, बाकीच्यांनी आपापल्या फोनवर कराव्यात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे, कारण ॲप अद्ययावत होताना सेटिंग्ज बदलू शकतात. वस्तीतली बाई आपल्याला तिची गोष्ट सांगते तेव्हा ती कीबोर्डबद्दल विचारत नाही. तो प्रश्न आपण स्वतःला विचारायचा असतो.